दोन पेन्सांचं कोडं: ‘मेरी पॉपिन्स’च्या दुसऱ्या भागाला पहिल्याची सर येते का?

माझी नऊ वर्षांची भाची सुट्टीला आली होती. शनिवारी आम्ही दोघींनी जादूच्या दाईची गोष्ट सांगणारा १९६४ चा संगीतमय चित्रपट ‘मेरी पॉपिन्स’ पाहिला आणि रविवारी त्याचा २०१८ मध्ये आलेला पुढचा भाग, ‘मेरी पॉपिन्स रिटर्न्स’. दुसरा संपत आला तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, “मावशी, ते दोन पेन्स शेवटी बँकेतच ठेवायचे होते, तर आधी मायकेल एवढा ओरडला कशाला?”

मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यातून जाईना. या दोन चित्रपटांत ५४ वर्षांचं अंतर आहे. त्यांची तुलना निघाली की मेरी पॉपिन्सच्या भूमिकेत आधीची ज्युली अँड्र्यूज सरस की नंतरची एमिली ब्लंट, जुनी गाणी गोड की नवी, इथेच आपण अडकतो. भाचीनं मात्र दोन पेन्सांच्या ज्या नाण्यावर बोट ठेवलं, त्या नाण्यातच या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. तेच इथे उलगडून सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पुढच्या भागाला पहिल्याची सर येते का, असं विचारताना आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र करतो. एक प्रश्न घाटाचा. गोष्ट कुठून सुरू होते, मध्ये कोणती गंमत येते, गाणं कुठे, नाच कुठे, शेवटी काय होतं, हा तिचा घाट. दुसरा प्रश्न गाभ्याचा. गोष्टीत कोण बदलतं, कशामुळे बदलतं, आणि त्या बदलासाठी काय सोडावं लागतं, हा तिचा गाभा. पडद्यावर दिसतो तो घाट, म्हणून त्याची नक्कल करता येते. गाभा प्रत्येक वेळी नव्यानं शोधावा लागतो. मुलांसोबत बघायच्या जादूच्या चित्रपटांत ही गफलत जास्त होते, कारण जादू इतकी डोळ्यांत भरते की तीच गोष्ट आहे असं वाटू लागतं.

पहिल्या भागात नेमकं काय होतं?

साल १९१०, लंडन, चेरी ट्री लेनवरचं १७ नंबरचं घर. जॉर्ज बँक्स हे बँकेतले अधिकारी. घरही कचेरीसारखं वेळापत्रकावर चालावं असा त्यांचा आग्रह. पत्नी स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत गुंतलेली. जेन आणि मायकेल ही मुलं दायांना पळवून लावण्यात पटाईत. मुलांनी स्वतः लिहिलेली ‘दाई पाहिजे’ ही जाहिरात वडील फाडून शेकोटीत टाकतात, ते कपटे धुराड्यातून वर उडून जातात आणि पुरवाई वाऱ्यावर छत्री धरून मेरी पॉपिन्स येते.

मग फुटपाथवरच्या खडूच्या चित्रात उडी मारणं, हसता हसता छताला लागणारे अल्बर्ट मामा, छपरांवर नाचणारे धुराडी साफ करणारे कामगार. हे सगळं मुलांना आवडतं आणि आवडायलाच हवं. पण नीट पाहिलं तर या साऱ्या गमतीजमतींत मुलं फारशी बदलत नाहीत. ती आधीही चांगलीच होती. बदलतात ते वडील, आणि मेरी पॉपिन्स त्यांच्याशी जेमतेम दोन-चारदा बोलते.

वडिलांना बदलतं ते दोन पेन्सांचं नाणं. सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर एक म्हातारी बसते, पाखरांना घालायचे दाणे विकते; एक पुडी दोन पेन्सांना. आदल्या रात्री मेरी पॉपिन्सनं तिचं गाणं मुलांना ऐकवलेलं असतं. दुसऱ्या दिवशी वडील मुलांना बँकेत नेतात तेव्हा मायकेलच्या मुठीत तेच नाणं असतं. त्याला दाणे घ्यायचे असतात. बँकेच्या वयोवृद्ध अध्यक्षांना, थोरल्या डॉज साहेबांना, ती ठेव हवी असते. नाण्यातून रेल्वे उभी राहील, धरणं बांधली जातील, चहाचे मळे मिळतील, असं ते पोराला पटवतात आणि नाणं त्याच्या हातातून हिसकावतात. माझे पैसे परत द्या, म्हणून मायकेल किंचाळतो. रांगेतल्या लोकांना वाटतं बँक पैसे देत नाहीये, आणि सगळे ठेवी काढायला धावतात. दोन पेन्सांनी बँक हादरते.

त्या रात्री बँक्स साहेबांना नोकरीवरून काढायला बोलावणं येतं. मायकेल ते नाणं वडिलांच्या हातावर ठेवतो आणि विचारतो, यानं सगळं नीट होईल का? वडील एकटेच चालत निघतात. वाटेत कॅथीड्रलच्या पायऱ्या लागतात आणि तिथे आता म्हातारी नसते. पार्श्वसंगीतात तिचंच गाणं वाजत राहतं, पण शब्दांत कोणी काही बोलत नाही. मुलांसाठी म्हणून काढलेल्या चित्रपटात इतका वेळ शांतपणे एका प्रौढ माणसाला चालू देणं, हे धाडस मला आजही थक्क करतं. पुढे बँकेत त्यांची छत्री उलटी करतात, टोपी फोडतात, कोटावरचं फूल कुस्करतात. आणि तिथे, सगळं गेल्यावर, त्यांचा हात खिशातल्या नाण्याला लागतो. त्यांना हसू फुटतं. मुलांनी ऐकवलेला विनोद ते संचालकांना सांगतात, नाणं थोरल्या डॉज साहेबांच्या हाती देतात, जपून ठेवा म्हणतात आणि घरी जाऊन मुलांचा फाटलेला पतंग दुरुस्त करतात. शेपटी म्हणून पत्नीचा मताधिकाराचा पट्टा बांधला जातो. पतंग उडवायच्या आनंदात मेरी पॉपिन्स निघून गेल्याचं मुलांच्या ध्यानातही येत नाही. तिचं काम झालेलं असतं.

या वडिलांमागे एक खरा माणूस आहे. मूळ पुस्तकाच्या लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स १८९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेरीबरो गावी जन्मल्या. त्यांचे वडील बँकेत होते आणि त्या सात वर्षांच्या असताना वारले. चित्रपट ट्रॅव्हर्सबाईंना पसंत पडला नव्हता. कार्टूनचा भाग तर मुळीच नाही. तरीही बँकेत काम करणाऱ्या बापाला घरी परत आणण्याची ही गोष्ट त्यांच्या आयुष्याच्या किती जवळून जाते, हे कळल्यावर त्या रात्रीच्या चालण्याचा दृश्यभाग मला वेगळाच दिसू लागला.

घाट तोच

आता दुसरा भाग घ्या. काळ १९३० च्या दशकातल्या महामंदीचा. मायकेल मोठा झालाय, तीन मुलांचा बाप आहे, वर्षभरापूर्वी त्याची बायको गेली आहे. चित्रकार असलेला हा माणूस पोटासाठी वडिलांच्याच बँकेत अर्धवेळ काम करतो. घरावर घेतलेल्या कर्जाचे हप्ते थकलेत आणि शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत रक्कम भरली नाही तर घर जाणार. वडिलांचे बँकेतले समभाग होते, त्यांचं प्रमाणपत्र सापडलं तर घर वाचेल.

एकेक प्रसंग जुन्या प्रसंगाशेजारी ठेवून पाहा. तिकडे मुलांची खोली आवरण्याचं गाणं, इकडे न्हाणीघरातून समुद्रात डुबकी. तिकडे खडूच्या चित्रातला प्रवास, इकडे तडा गेलेल्या चिनीमातीच्या भांड्यावरच्या चित्रातला. तिकडे छताला चिकटलेले मामा, इकडे जिचं घरच उलटं होतं ती चुलत बहीण टॉप्सी. तिकडे छपरांवर नाचणारे धुराडेवाले, इकडे रस्त्यावर नाचणारे, पथदिवे लावणारे कामगार. तिकडे अंगाई, इकडे अंगाई. तिकडे शेवटी पतंग, इकडे शेवटी फुगे. क्रमसुद्धा जवळजवळ तोच.

इथे एक न्याय करायला हवा. हे सगळं पहिल्या चित्रपटावरून उचललं, असा आरोप सर्रास होतो आणि तो पूर्ण खरा नाही. ट्रॅव्हर्सबाईंचं दुसरं पुस्तक १९३५ मध्ये आलं; त्यात जेन चिनीमातीच्या भांड्यातल्या चित्रात शिरते, त्यातच उलटसुलट होणारा नातलग आहे आणि फुगे विकणारी बाईसुद्धा. म्हणजे माल मूळ लेखिकेच्याच कोठारातला आहे. दिग्दर्शक रॉब मार्शल यांनी तो नेऊन जुन्या चित्रपटाच्या फडताळातल्या त्याच त्या कप्प्यांत बसवला, अडचण तिथे आहे. नवी गोष्टसुद्धा जुन्या जागी ठेवली की जुन्याची आठवण म्हणूनच दिसते.

त्या जुन्या जागांची किंमत का होती, तेही पाहू. १९६४ मध्ये माणसं आणि कार्टूनमधले पेंग्विन एकत्र नाचताना दिसले, त्यामागे एक विलक्षण युक्ती होती. नट एका पडद्यापुढे उभे करायचे आणि नंतर मागचा पडदा काढून तिथे चित्र बसवायचं, ही रीत जुनीच. पण निळा पडदा वापरला की केसांच्या कडा, जाळीदार कापड यांच्याभोवती निळसर घाण राहायची. म्हणून या चित्रपटात पडद्यावर सोडियमच्या दिव्यांचा प्रकाश टाकला. आपल्या रस्त्यांवर एलईडी येण्याआधी जे पिवळे दिवे असायचे, त्यांच्या जातीचा हा प्रकाश. असा सोडियम दिवा पिवळ्याची अगदी अरुंद पट्टी देतो. कॅमेऱ्यात खास लोलक बसवलेला असे. तो ती पट्टी वेगळी करून एका फिल्मवर धाडायचा आणि उरलेलं दृश्य दुसऱ्या फिल्मवर. एकाच वेळी चित्र आणि त्यातल्या माणसांच्या आकाराचा अचूक साचा, दोन्ही तयार. मेरी पॉपिन्सच्या टोपीवरची झिरझिरीत जाळी म्हणूनच इतकी स्वच्छ दिसते. पेट्रो व्लाहोस, वॉड्सवर्थ पोल आणि अब आयवर्क्स यांना या तंत्रासाठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा खास पुरस्कार मिळाला.

त्या काळच्या प्रेक्षकानं असं काही क्वचितच पाहिलं होतं. २०१८ च्या प्रेक्षकानं सगळंच पाहिलेलं होतं. दुसऱ्या भागातली कार्टून्स हौसेनं हातानंच काढलेली आहेत, आणि भांड्यावरच्या चित्रात शिरल्यावर माणसांचे कपडेही कुंचल्यानं रंगवल्यासारखे दिसतात. सँडी पॉवेल यांची ही वेशभूषा मला या चित्रपटातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. पण तेव्हाचा अचंबा आणि आताचं कौतुक, यांत फरक राहणारच. तो दोष मी दुसऱ्या भागाच्या माथी मारणार नाही. काळ कुणालाच परत करता येत नाही.

गाण्यांचंही थोडंफार तसंच. शर्मन बंधूंची गाणी दोन-तीन पिढ्यांनी घराघरांत गुणगुणली. मार्क शायमन आणि स्कॉट विटमन यांच्या नव्या गाण्यांना तो वेळच मिळाला नाही. ती तुलना पन्नास वर्षांनी करावी.

नाण्याची दुसरी बाजू

आता भाचीचा प्रश्न. शेवटी मुलं, दिवेवाले आणि मेरी पॉपिन्स बिग बेनचे काटे मागे ढकलून पाच मिनिटं मिळवतात, मायकेल पतंगाला ठिगळ म्हणून लावलेलं प्रमाणपत्र घेऊन बँकेत पोचतो, पण सह्यांचा तुकडाच गहाळ. बँकेचा लबाड प्रमुख विल्किन्स जिंकणार, तोच धाकटे डॉज साहेब हजर होतात. ते सांगतात, मायकेल, तुझ्या वडिलांनी माझ्या वडिलांना दोन पेन्स दिले होते आणि जपून ठेवायला सांगितलं होतं. आम्ही ते विचारपूर्वक गुंतवले. आता त्यांचे इतके झालेत की घर सुटेल.

ही भूमिका डिक व्हॅन डाइक यांनी केली आहे, ज्यांनी १९६४ मध्ये मेरीचा धुराडी साफ करणारा मित्र बर्ट आणि थोरले डॉज अशा दोन्ही भूमिका केल्या होत्या. नव्वदी ओलांडलेला हा माणूस टेबलावर चढून नाचतो आणि डोळे भरून येतात. म्हणूनच त्या क्षणी काय घडलं ते पटकन लक्षात येत नाही.

पहिल्या गोष्टीत थोरले डॉज जे म्हणत होते, तेच खरं ठरलं! पाखरांना दाणे कशाला, पैसे गुंतव, वाढतील. ज्या विचाराला नकार दिल्यामुळे जॉर्ज बँक्स माणसात आले, तोच विचार पुढच्या पिढीचं घर वाचवतो. मायकेलचा आक्रोश, वडिलांचं ते चालणं, फुटलेली टोपी, या सगळ्यावर दुसरा भाग नकळत पाणी फिरवतो. आणि लेखकांच्या हे ध्यानात आलं असावं असं वाटत नाही, कारण प्रसंग पूर्ण प्रेमानं लिहिलाय. त्यांना जुनं नाणं आठवलं. त्या नाण्यानं काय केलं होतं ते निसटलं.

हिशोबही करून पाहू. त्या काळी एका पौंडाचे २४० पेन्स. म्हणजे दोन पेन्स हा पौंडाचा १२० वा भाग. १९१० पासून साधारण २५ वर्षं धरली आणि दरसाल ५ टक्के चक्रवाढ व्याज लावलं तर दोनाचे होतात पावणेसात पेन्स. १० टक्के लावलं तरी २२ पेन्सही नाहीत. कर्ज समजा ५०० पौंडांचं असेल, तर तेवढी रक्कम व्हायला दरसाल ५५ टक्क्यांच्या आसपास परतावा हवा, तोही न चुकता २५ वर्षं, मधलं महायुद्ध आणि महामंदी धरून. परीकथेत आकडेमोड कशाला, असं कुणी म्हणेल आणि छत्रीवर उडणाऱ्या बाईबद्दल मी कधी तसं विचारणार नाही. पण इथे चित्रपटानं स्वतःच तारण, हप्ते, मुदत, समभाग अशी व्यवहारी अडचण मांडली आहे. अडचण व्यवहाराची असेल तर तिच्यातून निघण्याची वाटही कुणाच्या तरी निवडीतून यावी लागते, कुणाला काहीतरी सोडावं लागतं. इथे मायकेलला काहीच सोडावं लागत नाही. पैसे होतेच, फक्त कळलं नव्हतं.

याचं मूळ कथेच्या बांधणीत आहे. पहिल्या भागात खलनायक नाही. अडचण जॉर्ज बँक्सच्या आत आहे, म्हणून तीही आतूनच सुटते. दुसऱ्या भागाला विल्किन्स नावाचा खलनायक आहे, घड्याळ आहे, हरवलेला कागद आहे. सगळी अडचण बाहेर. बाहेरची अडचण सोडवायला धावपळ लागते, आणि धावपळीत मेरी पॉपिन्सला करण्यासारखं फारसं उरत नाही. तिची कला माणसाला हळूच वळवण्याची.

दुसऱ्या भागाचा स्वतःचा गाभा

मला सगळ्यात जास्त हळहळ याची वाटते की दुसऱ्या भागाकडे स्वतःचा गाभा होता, आणि तो अस्सल होता. आई गेलेल्या मुलांना मेरी पॉपिन्स अंगाई ऐकवते: हरवलेल्या गोष्टी नाहीशा होत नाहीत, कुठेतरी असतात. पुढे बँकेत नको तो गोंधळ होतो, मायकेल मुलांवर ओरडतो, आणि मग सगळ्यात धाकटा जॉर्जी तेच गाणं बापाला ऐकवू लागतो. भावंडं साथ देतात. बाप ऐकता ऐकता गळून जातो आणि मुलांना जवळ घेतो. एमिली ब्लंट इथे दारात उभी राहून नुसती बघते. मायकेलचं काम करणारे बेन व्हिशॉ या दृश्यात इतके खरे आहेत की मला माझ्या घरातलं एक मोठं माणूस आठवलं, ज्यानं असंच दुःख मुलांपासून लपवलं होतं.

या एका दृश्याला पहिल्याची सर आहे. इथे कोणी तरी बदलतं, मुलांमुळे बदलतं, आणि जुन्या चित्रपटात याची जोडी शोधूनही सापडत नाही. पहिल्या गोष्टीतला बाप मुलांपासून दूर होता तो कामामुळे. हा दूर आहे तो शोकामुळे. प्रश्न नवा आहे, वाट नवी आहे. पण हे घडल्यावर गोष्टीला अजून कागद शोधायचा असतो, घड्याळ गाठायचं असतं. हृदय दोन तृतीयांश वाटेवरच मोकळं झालेलं आणि उरलेला वेळ नुसती पळापळ.

पुढचा भाग वेगळ्या पद्धतीनं करता येतो याचं उदाहरणही लंडनमधलंच आहे. २०१७ चा ‘पॅडिंग्टन २’. त्यातल्या अस्वलाला आवाज याच बेन व्हिशॉंचा, आणि ‘रिटर्न्स’मध्ये घर सांभाळणारी एलन साकारणाऱ्या ज्युली वॉल्टर्स तिथेही घर सांभाळतात. २०१४ च्या पहिल्या पॅडिंग्टनमध्ये प्रश्न होता, परक्या देशातून आलेल्या अस्वलाला एक कुटुंब आपलंसं करेल का? दुसऱ्यात तो प्रश्न पुन्हा विचारत नाहीत. कुटुंब मिळालेलंच आहे. आता खोट्या आरोपावरून तुरुंगात गेल्यावरही त्याचा भलेपणा टिकतो का, ते पाहायचं. त्यामुळे जुना प्रसंग पुन्हा करण्याची पाळीच येत नाही. त्याचा आवडता संत्र्याचा मुरांबा तोच, पण आता तो तुरुंगाच्या स्वयंपाकघरात उकळतो आणि दांडगा खानसामा त्यानं विरघळतो. पॅडिंग्टनला जे करावंसं वाटतं, त्यातून गोष्ट पुढे जाते. ‘रिटर्न्स’मध्ये मात्र पहिल्या चित्रपटाला जिथे जायचं होतं तिथेच गोष्ट जाते.

तरी मुलांना ‘रिटर्न्स’ जरूर दाखवा. दोन्ही दाखवा, आणि आधी जुना. त्या अंगाईसाठी आणि चिनीमातीवरच्या कपड्यांसाठी दुसरा भाग पाहण्यासारखा आहे. बरोबरीचा आहे का, म्हणाल तर माझं उत्तर नाही असंच आहे.

भाचीला हे सगळं कसं सांगायचं ते मला सुचत नव्हतं. शेवटी तिला म्हटलं, चल, पहिल्या भागातला बँकेचा शेवटचा प्रसंग परत बघू. जॉर्ज बँक्सनी खिशात हात घातला, हसले, नाणं म्हाताऱ्याच्या हातावर ठेवलं. तिनं तेवढंच दोनदा मागे नेऊन पाहिलं.

“मावशी,” ती म्हणाली, “बाबांनी ते पैसे ठेवायला नाही दिले. त्यांना नको होते, म्हणून देऊन टाकले.”